गडाचा कडा आणि पीओपीची गोणी

मुंबईच्या उपनगरांत ‘पीओपी’ म्हटलं की हल्ली आधी न्यायालय आठवतं. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे अमलात आणण्याचा आदेश दिला. लगेच आलेल्या माघी गणेशोत्सवात बोरिवली-कांदिवलीकडच्या काही मंडळांच्या उंच मूर्ती विसर्जनाविना राहिल्या. चारकोपची मूर्ती तर काही महिने झाकून ठेवावी लागली आणि तिचं विसर्जन ऑगस्टमध्ये झालं. मधल्या काळात, ९ जूनला, न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायला दिली नाही. जुलैअखेर सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात, असं ठरलं.

या वादाच्या कडेला एक लहान प्रश्न उभा आहे आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. जे पाण्यात सोडायचंच नाही, कपाटावर, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा सोसायटीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं राहायचं, अशा छोट्या देखाव्यांत प्लास्टर वापरावं का? वापरायचं तर कसं? किल्ल्याची प्रतिकृती, खाडीकाठचा तुकडा, डोंगरातून जाणारी खेळण्यातली रेल्वे, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी, घरगुती गणपतीमागचा डोंगर, हे सगळं या प्रश्नात येतं. माझं मत आधीच सांगतो. प्लास्टर हे राहणाऱ्या वस्तूंचं साहित्य आहे. चार दिवसांनी मोडायच्या वस्तूसाठी ते वापरणं ही साहित्याची आणि पाण्याची, दोन्हींची हानी आहे. आणि राहणाऱ्या देखाव्यासाठी मात्र त्याच्या तोडीचं, त्याच्या किमतीत मिळणारं दुसरं काही अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

मुळात हा दगडच आहे. जिप्समचा खडक, आपल्याकडे बहुतेक सगळा राजस्थानातून, बिकानेर-नागौर-जैसलमेर पट्ट्यातून येणारा, साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यात बांधलेल्या पाण्याचा तीन चतुर्थांश भाग उडून जातो. उरते ती गोणीतली पांढरी भुकटी. तिच्यात पाणी घातलं की ती हरवलेलं पाणी परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पुन्हा दगड होतो. या परतीच्या प्रवासात उष्णता बाहेर पडते, म्हणून भांडं गरम लागतं. घट्ट होताना प्लास्टर आकसत नाही, किंचित फुगतं. साच्याच्या बारीकसारीक रेषा त्यात इतक्या स्वच्छ उतरतात त्या यामुळेच. माती वाळताना आकसते आणि तडकते. प्लास्टरचा हा गुण दुसऱ्या कुठल्याही स्वस्त साहित्यात नाही.

पाण्याचा हिशेब हा सगळ्या कामाचा कणा आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी अंदाजावर सोडला जातो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने १०० ग्रॅम भुकटीला साधारण १९ ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्यात ती भिजतही नाही, ओतता येणं दूरच. म्हणून जास्तीचं पाणी घालावं लागतं आणि ते पुढे वाळून गेलं की त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. पाणी जितकं जास्त तितक्या पोकळ्या जास्त, तितका दगड ठिसूळ. दातांच्या दवाखान्यातलं साधं प्लास्टर १०० ग्रॅमला ४५ ते ५० मिलिलिटर पाण्यात कालवतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या छताच्या पीओपीला याहून जास्त पाणी लागतं. हातात वजनकाटा नसेल तर जुनी रीत चांगली आहे: भांड्यात आधी पाणी घ्यायचं आणि त्यावर भुकटी चाळणीने किंवा मुठीने भुरभुरत जायचं. पृष्ठभागावर कोरडं बेट तरंगू लागलं की थांबायचं, मिनिट-दोन मिनिटं हात न लावता भिजू द्यायचं, मग तळाशी चमचा ठेवून सावकाश ढवळायचं. उलट क्रमाने, म्हणजे भुकटीत पाणी ओतलं, की गुठळ्या होतात. जोरात फेटलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि कड्याच्या ऐन दर्शनी भागावर फुटतात.

कालवलेलं प्लास्टर घट्ट होऊ लागलं की पुन्हा पाणी घालून सैल करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळायलाच हवा. स्फटिकांची जाळी एकदा मोडली की ती पुन्हा विणली जात नाही. वरून घट्ट दिसलं तरी नखाने खरवडलं जातं असं मेलेलं प्लास्टर हाती येतं. भांड्याला चिकटलेले आधीच्या घाण्याचे कण हाही असाच छुपा शत्रू आहे. ते नव्या घाण्यात स्फटिकांना बीज पुरवतात आणि पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत आटपावं लागतं. मिठाचाही परिणाम तसाच होतो. खाडीच्या जवळच्या वस्त्यांत बोअरचं किंवा टँकरचं खारट पाणी वापरलं तर प्लास्टर लवकर धरतं आणि पुढे पृष्ठभागावर पांढरी खार फुटते. भातसा-तानसा-वैतरणेचं नळाचं पाणी या कामाला उत्तम. वेळ वाढवायचा असेल तर चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूफुलं, पाण्यात आधी विरघळवावीत. जास्त घातली तर ताकद कमी होते.

बाजारात काय मिळतं ते पाहू. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानात पीओपी गोणीने मिळतो आणि सुटाही. तो खोल्यांच्या छतांसाठी बनवलेला असतो. डोंगराचा अंतर्भाग आणि उतार यांना पुरेसा आहे. सुटा घेताना एकच गोष्ट पाहावी: बोटांत चोळल्यावर तो मैद्यासारखा सरकतो की आत बारीक खडे लागतात. खडे लागले तर त्याने दुकानातली पावसाळी हवा आधीच पिऊन टाकलेली असते. केमिस्टकडे प्लास्टर लावलेलं गॉज मिळतं, हाड मोडल्यावर बांधतात ते. अँटोनियस माथायझेन या डच लष्करी डॉक्टरने १८५१च्या सुमारास काढलेली ही युक्ती देखाव्यांसाठी अतिशय सोयीची आहे. पट्टी कापा, पाण्यात बुडवा, सांगाड्यावर अंथरा. महाग पडते, पण लहान मुलांच्या हाती द्यायला यापेक्षा सुरक्षित आणि कमी पसारा करणारं काही नाही.

आणि तिसरा, कमी माहीत असलेला पर्याय म्हणजे दंतवैद्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांतला डेंटल स्टोन. तोही जिप्समचाच, पण दाबाखाली वेगळ्या रीतीने भाजलेला. त्याचे कण भरीव असतात, म्हणून १०० ग्रॅमला २८ ते ३० मिलिलिटर पाणी पुरतं आणि दगड कितीतरी टणक होतो. जिप्सम नखाने खरवडता येण्याइतका मऊ. त्यामुळे साध्या पीओपीत केलेली बुरुजाची धार, जंग्यांची चौकट किंवा पायऱ्यांची कड पहिल्याच धक्क्याला उडते. अशा नाजूक भागांपुरता स्टोन वापरावा आणि डोंगर साध्या पीओपीचा करावा, हे माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचं. वॉल पुट्टी आणि पांढरं सिमेंटही लोक वापरतात. पुट्टी पातळ थरात छान बसते, जाड थर मात्र तडकतो. पांढरं सिमेंट मजबूत पण धरायला वेळ लावतं आणि कोरता येत नाही. शाडूची माती हाताला सर्वांत सुखद, पण वाळल्यावर आकसते आणि न भाजता कायम ठेवायची वस्तू तिच्यात करता येत नाही. कागदाचा लगदा हलका आहे, आपल्या दमट हवेत मात्र त्याला बुरशी येते.

आता आतल्या सांगाड्याकडे येऊ. इथे मराठी मुलांकडे एक वारसा आहे आणि त्याची पुरेशी कदर होत नाही. दिवाळीचा किल्ला कसा होतो? विटा, दगड, डबे रचून उंची आणायची, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, घड्या पाडून कडे आणि घळी तयार करायच्या, वर मातीचा हात फिरवायचा, मग अळीव किंवा मोहरी पेरायची. अमेरिकेतल्या रेल्वे-मॉडेलवाल्यांनी हेच तंत्र प्लास्टरमध्ये वापरलं. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी ते १९६०च्या दशकात लोकप्रिय केलं. चुरगळलेल्या कागदाच्या गोळ्यांवर किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीवर पातळ प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल अंथरायचे. दोन-तीन थरांत अंड्याच्या कवचासारखं पातळ पण घट्ट आवरण तयार होतं. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात कार्ल एकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेची जी दृश्यं उभी केली, त्यांच्या मागेही तारेची जाळी, कापड आणि प्लास्टर अशीच घडण होती. बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत मागच्या अंगणात गोणपाट चिखलात बुडवणाऱ्या मुलाला हे तत्त्व आधीच ठाऊक असतं. चिखलाच्या जागी प्लास्टर घेतलं की त्याचा किल्ला राहणारा होतो.

कवच की भरीव, हा प्रश्न वजनाचा आहे. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच डोंगर भरीव ओतला, तर तो ३६ लिटर होतो आणि वाळल्यावर चाळीस किलोच्या आसपास भरतो. चार माणसं लागतील आणि लाकडी फळी वाकेल. त्याच डोंगराचं अर्धा सेंटिमीटर जाडीचं कवच दोन-तीन किलोचं. भरीव ओतकामात आतला ओलावा महिनोन्महिने बाहेर येत राहतो, हा आणखी एक तोटा. गणपतीच्या मोठ्या पीओपी मूर्ती पोकळ असतात आणि त्यांत नारळाचा काथ्या घालतात. तो प्लास्टरला ओढ सहन करायला शिकवतो, कारण प्लास्टर दाब सोसतं, ताण सोसत नाही. कारखान्यांतली ही युक्ती लहान देखाव्यातही जशीच्या तशी उपयोगी आहे: काथ्या बारीक कातरून पहिल्या थरात मिसळावा, गॉज असेल तर त्याची गरज नाही.

सांगाड्यासाठी पूर्वी सगळे थर्मोकोल घेत. महाराष्ट्रात २०१८ साली आणि पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली. मला ही बंदी योग्य वाटते. थर्मोकोलचे दाणे गटारातून खाडीत जातात आणि तिथून कुठेच जात नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून, स्टेपलरने जोडून केलेली जाळी थर्मोकोलपेक्षा मजबूत आणि आकार बदलायला सोपी असते, हे वापरल्यावर कळतं. पुठ्ठा आणि प्लायवूड यांना प्लास्टरचं पाणी चढतं, फळी फुगते आणि महिन्याभरात कडेने प्लास्टर सुटतं. म्हणून तळाच्या फळीला आधी दोन हात लाखेचं पॉलिश किंवा ऑइलपेंट द्यावा. हे एक काम टाळलेले देखावे मी प्रदर्शनांत पुष्कळ पाहिले आहेत. काम सुंदर असतं, कडा मात्र उललेल्या असतात.

प्रमाणाबद्दल थोडं. दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसलेले असतात आणि त्यांची उंची दरवाज्याच्या दुप्पट असते. ती परंपरा आहे आणि तिथे ती शोभते. पण कायमच्या देखाव्यात माणसाचं आणि डोंगराचं प्रमाण ठरवावंच लागतं. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ८२० मीटर. १:१००० या प्रमाणात ती ८२ सेंटिमीटर होते आणि त्यावरचा मावळा दोन मिलिमीटरहून कमी उंचीचा. बाजारातले बोटभर मावळे तिथे बसत नाहीत. म्हणून पूर्ण गड करण्याचा हट्ट सोडून एखादा भाग निवडावा: महादरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बुरुज, किंवा एक चोरवाट आणि वरची तटबंदी. बाजारातला मावळा साधारण १:३० प्रमाणात बसतो आणि एका दरवाज्याचा तुकडा टेबलावर मावतो. युनेस्कोने जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या बारा किल्ल्यांत रायगड, राजगड, प्रतापगड, साल्हेर आहेत. शाळांनी आता या किल्ल्यांच्या प्रतिकृती केल्या तर त्या असा एकेक नेमका भाग घेऊन कराव्यात, ही माझी विनंती आहे.

कड्याचा पोत हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दगडाचे रबरी साचे दाखवतात, त्यात प्लास्टर ओतून डोंगरावर चिकटवतात. ते साचे बहुतेक ग्रॅनाइट किंवा चुनखडीच्या कड्यांचे असतात. सह्याद्री तसा नाही. तो लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा, म्हणून त्याच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात: उभा काळा पट्टा, मग मऊ उताराची हिरवी पट्टी, पुन्हा उभा पट्टा. ही आडवी लय चुकली तर रंग कितीही चांगला दिला तरी गड परका वाटतो. घरी साचा करायचा तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, अर्धवट उलगडून त्यात प्लास्टर ओतावं आणि तुकडे आडव्या रांगांत बसवावेत. सांध्यांवर नवं प्लास्टर लावण्याआधी जुना भाग पाण्याने भिजवावा. नाहीतर वाळलेला दगड नव्या प्लास्टरचं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुकटीच राहतो. गवंडी जुन्या भिंतीला आधी पाणी मारतो ते याच कारणाने.

या लाव्हाच्या दगडाचा, म्हणजे बसाल्टचा, दुसरा चेहरा अंधेरी पश्चिमेलाच आहे. गिल्बर्ट हिल हा सुमारे दोनशे फुटांचा सुळका, त्यावर गावदेवीचं मंदिर आणि चहूबाजूंनी इमारती. साडेसहा कोटी वर्षांहून जुना लाव्हा थंड होताना उभ्या बहुकोनी खांबांत तडकला, ते खांब तिथे स्पष्ट दिसतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरशी त्याची तुलना होते. १९५२ साली त्याला संरक्षण मिळालं, तरी पायथ्याशी दगडफोड आणि बांधकाम चालूच राहिलं. उपनगरातल्या देखाव्यासाठी याहून योग्य विषय मला सुचत नाही. करण्याची रीत अशी: पुठ्ठ्याच्या खोक्यात आयताकृती ठोकळा ओता. ओतल्यापासून वीस-तीस मिनिटांनी प्लास्टर घट्ट होतं पण अजून ओलं आणि मऊ असतं. पुढच्या अर्ध्या तासात ते पनीरइतक्या सहजपणे कापलं जातं. त्या वेळात जुन्या चाकूने किंवा मोडक्या करवतीच्या पात्याने उभ्या खोल रेघा ओढा, काही खांब मध्येच तोडा, म्हणजे खांबांची षटकोनी टोकं दिसतील. पुढच्या दिवशी तेच काम करायला गेलं तर तुकडे उडतात. प्लास्टरमध्ये कोरणाऱ्याची सगळी कला या अर्ध्या तासात असते. तो आला की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवायचं.

रंगाबद्दल माझा आग्रह एवढाच की प्लास्टर पांढरं ठेवून वरून रंगवण्यापेक्षा कालवतानाच पाण्यात थोडा काळा आणि लाल ऑक्साईड घालावा, जमिनीच्या कोब्यासाठी दुकानात मिळतो तोच. थोडाच, कारण जास्त घातला तर प्लास्टर अशक्त होतं. मग कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं दात विचकत नाही. वरून पातळ काळ्या रंगाचं पाणी ओतलं की ते फटींत उतरतं, आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशने राखाडी उजळवलं की कड्यांच्या कडा उठून दिसतात. ऑइलपेंटचा जाड थर देऊ नये. प्लास्टरचे सगळे बारीक तपशील त्याखाली बुजून जातात.

पूर्वेकडच्या, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या वाचकांसाठी खाडीचाही उल्लेख करतो. ठाणे खाडीचा चिखल, तिवरांची झाडं आणि हिवाळ्यात येणारे रोहित हा देखावा प्लास्टरला अगदी सोपा जातो, कारण पातळ प्लास्टर आपोआप सपाट पसरतं. फळीला कड लावून पातळ ओत घालायची, अर्धवट घट्ट होताना त्यात जुन्या ब्रशचे केस उभे रोवायचे: ती तिवरांची श्वासमुळं. ओहोटीच्या नाल्या बोटाने ओढायच्या. वरून चमकणाऱ्या वॉर्निशचा एक हात दिला की ओला चिखल तयार.

पण आपल्या हवेचा विचार न करता वरचं काहीही टिकत नाही. जून ते सप्टेंबर उपनगरांत हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. या काळात प्लास्टर घट्ट होतं, पण वाळत नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट व्हायला अर्धा तास लागतो, वाळायला पावसाळ्यात आठवडे. ओलं प्लास्टर वाळलेल्यापेक्षा जवळपास निम्म्या ताकदीचं असतं आणि त्यावर रंग दिला तर आतली वाफ रंगाला फोड आणते, कागदी सांगाड्यात बुरशी धरते. वाळलं का ते कसं कळावं? गालाला लावून पाहावं: गार लागलं तर अजून ओलं. किंवा रोज वजन करावं आणि ते उतरणं थांबेपर्यंत थांबावं. घाई करून ओव्हनमध्ये तापवणं नको. पन्नास अंशांच्या वर गेलं की दगड पुन्हा आपलं पाणी सोडू लागतो आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. पंखा पुरेसा आहे. माझा सल्ला असा की कोरण्याचं आणि ओतण्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करावं आणि पावसाळ्यात फक्त आराखडे आणि सांगाडे करावेत. उरलेली भुकटी गोणीतच ठेवली तर पहिल्या पावसात वाया जाते. ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवावी.

दमट किनाऱ्यावर प्लास्टर टिकत नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. अलिबागजवळ सासवण्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, शिल्पकार विनायकराव करमरकर यांच्या घरातल्या संग्रहालयात प्लास्टर आणि सिमेंटमधली त्यांची अनेक शिल्पं आजही पाहायला मिळतात, आणि करमरकर तर १९६७ सालीच गेले. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती प्लास्टरमध्येच. डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडी जागा आणि एक संरक्षक थर मिळाला तर प्लास्टर माणसापेक्षा जास्त जगतं. पाणी मात्र थेट नको. जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, म्हणून गॅलरीत गळत्या कुंडीखाली ठेवलेला किल्ला हळूहळू झिजणारच.

मोठ्या प्रमाणावरचं काम शिकायला उपनगरांइतकी चांगली जागा नाही. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली. तिथे राजवाड्याचे खांब, देवळांची शिखरं, दगडी चौथरे पीओपीच्या साच्यांतून काढणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. अंधेरीच्या आझादनगरात १९६६पासून बसणाऱ्या ‘अंधेरीच्या राजा’भोवती दरवर्षी एखाद्या प्रसिद्ध वास्तूची प्रतिकृती उभी राहते, त्यामागेही सिनेमाच्या सेटवर मुरलेले हात असतात. या कारागिरांची विद्या कुठल्याही पुस्तकात नाही. ते प्लास्टरचा आवाज ऐकतात. घट्ट होत आलेल्या कामावर बोट वाजवून ते साचा केव्हा उघडायचा ते ठरवतात. शाळांनी वर्षातून एक दिवस अशा कारागिराला बोलावून मुलांसमोर काम करायला लावलं आणि त्याचं मानधन दिलं, तर प्रकल्पाच्या वहीतल्या दहा पानांपेक्षा जास्त हाती लागेल. मुंबईतली संग्रहालयंही पाहून यावीत: भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, गावदेवीच्या मणिभवनातले गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग. जमलं तर पुण्यात कर्वे रस्त्याजवळचं भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय, १९९८ साली खुलं झालेलं. छोट्या जागेत नजर कुठे थांबवायची, हे तिथे कळतं.

मुलांच्या हाती प्लास्टर देण्याआधी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. भुकटी ओतताना नाकावर मास्क हवा. आणि हात, पाय, चेहरा यांचा ठसा घेण्यासाठी अंग प्लास्टरमध्ये कधीही बुडवायचं नाही. जाड थर साठ अंशांच्या पुढे तापतो आणि तोवर हात अडकलेला असतो. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये २००७ साली कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या एका मुलीने बादलीतल्या प्लास्टरमध्ये हात घातले आणि तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. आपल्याकडे ‘हाताचा ठसा’ हा प्रकल्प लहान वर्गांत फार आवडीने करतात. तो मातीत ठसा घेऊन त्या ठशात प्लास्टर ओतून करावा.

शेवटी टाकाऊ प्लास्टर. भांडं मोरीत धुतलं की पाइपमध्ये दगड तयार होतो आणि तो खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही भोवतो. धुण्याचं पाणी बादलीत साठवावं, रात्रभर निवळू द्यावं, वरचं पाणी झाडांना किंवा मोरीत, तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात. तोही ओल्या कचऱ्यात नको. कुजणाऱ्या पदार्थांबरोबर हवाबंद जागी पडलेला जिप्सम हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करू शकतो. मोडलेल्या तुकड्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपी मूर्तींसाठी विकसित केलेली पद्धत घरीही वापरता येते: अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले वापरतात तेच, जवळपास प्लास्टरच्या वजनाइतकं घेऊन पाण्यात विरघळवायचं आणि तुकडे त्यात बुडवून ठेवायचे. अमोनियाचा वास येतो म्हणून उघड्या जागी. काही दिवसांत खाली चुनखडीची भुकटी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचं द्रावण राहतं. ते खत म्हणून पातळ करून झाडांना घालता येतं. रंगवलेल्या तुकड्यांचं द्रावण मात्र झाडांना घालू नये.

आणि दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना आणि सोसायट्यांना एक सुचवणं आहे. अंगणातल्या किल्ल्यांसाठी माती, गोणपाट आणि अळीव यांचाच नियम ठेवावा. तिथे पीओपी नको, कारण तो किल्ला भाऊबिजेनंतर मोडायचाच असतो आणि त्याची माती पुन्हा बागेत जायला हवी. पण त्याच स्पर्धेत कायमच्या प्रतिकृतींचा वेगळा गट असावा: फळीवर केलेल्या, प्रमाण लिहिलेल्या, गडाचा नेमका भाग दाखवणाऱ्या, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलाने आणखी पुढे नेलेल्या. बक्षीसपात्र ठरलेली प्रतिकृती सोसायटीच्या ऑफिसात किंवा जवळच्या शाळेत वर्षभर काचेत ठेवावी, खाली प्रमाण, साहित्य आणि केव्हा केली ते लिहून.